हृदयाला टक्के नसतात

मामाची अँजिओग्राफी झाली त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. “अगं, चाळीसच टक्के निघाले. काठावर पास झालो बघ!” मागे मामी देवापुढे साखर ठेवत असणार, घरातल्या सगळ्यांचा आवाज एकदम हलका झाला होता. रिपोर्टमध्ये एवढंच होतं: डावी पुढची धमनी, ४० टक्के ब्लॉकेज, औषधोपचार. ज्या रुग्णालयात तपासणी झाली तिथे त्याला सांगितलं गेलं, “विशेष काही नाही, गोळ्या घ्या.” यातलं “विशेष काही नाही” त्यानं ऐकलं आणि “गोळ्या घ्या” तीन महिन्यांत विसरला. ब्लॉकेजच नाही तर कोलेस्टेरॉलची गोळी कशाला?

अकरा महिन्यांनी पहाटे पाचला तीच धमनी पूर्ण बंद झाली. मामा वाचला. पण हृदयाच्या स्नायूचा मोठा तुकडा गेला. आता त्याचं हृदय एका ठोक्याला आतल्या रक्तापैकी पस्तीस टक्केच बाहेर फेकतं. पास व्हायला लागतात तेवढेच.

मी हृदयरोगतज्ज्ञ नाही. मी पॅथॉलॉजीची डॉक्टर आहे, म्हणजे माझ्याकडे हृदयं येतात ती माणसाशिवाय, फॉर्मालिनच्या बरणीत. त्यामुळे मला जो राग आलाय तो नक्की कशाचा, हे कळायला मला वेळ लागला. मामाचा आलाच, गोळी बंद केली म्हणून. त्या रुग्णालयाचाही आला. पण खरा राग त्या आकड्याचा आहे. आपण दहावीच्या टक्क्यांवर माणसाची लायकी ठरवणारा समाज आहोत, त्यामुळे हृदयाचे टक्के आपल्याला लगेच पटतात. चाळीस म्हणजे सुटलो, सत्तर म्हणजे गेलो, नव्वद म्हणजे आजच्या आज अॅडमिट. माझं म्हणणं असं आहे की या आजाराला टक्के नसतात. टक्के असतात ते त्याच्या सावलीला.

सावलीचा फोटो

अँजिओग्राफीचा जन्म एका अपघातातून झाला. १९५८मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये मेसन सोन्स नावाचे डॉक्टर रुग्णाच्या महाधमनीत एक्स-रेवर दिसणारं औषध सोडत होते. नळी सरकली आणि ते औषध थेट हृदयाच्या उजव्या धमनीत गेलं. तोवर समज असा होता की असं झालं तर माणूस दगावेल. रुग्ण वाचला, आणि जिवंत माणसाच्या हृदयाच्या धमन्या पहिल्यांदाच इतक्या स्पष्ट दिसल्या. या शोधाचं मोल मी कमी करत नाही. त्यावरच बायपास उभी राहिली, आणि १९७७मध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिचमध्ये केलेली पहिली अँजिओप्लास्टीही.

पण त्या फोटोत नेमकं काय दिसतं? धमनीच्या पोकळीत भरलेल्या औषधाची सावली. भिंत दिसत नाही. आणि आजार भिंतीत असतो.

मुंबईत किंवा कोकणात पावसाळा काढलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. भिंतीत ओल मुरलेली असते, आतली वाळू सुटलेली असते, प्लास्टर कधीही कोसळेल अशी अवस्था असते, आणि तरी खोलीचं क्षेत्रफळ मोजलं तर ते पूर्वीइतकंच भरतं. अँजिओग्राफी खोलीचं क्षेत्रफळ मोजते.

धमनी तर भिंतीपेक्षाही वस्ताद. १९८७मध्ये सेमूर ग्लॅगॉव्ह आणि सहकाऱ्यांनी शवविच्छेदनातून मिळालेली १३६ हृदयं तपासली. त्यांना दिसलं की भिंतीत चरबी साचायला लागली की धमनी बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली पोकळी शाबूत ठेवते. भिंतीच्या आतल्या सीमेत जेवढी जागा असते त्यातली सुमारे चाळीस टक्के या साचलेल्या थरानं, म्हणजे प्लाकनं, व्यापेपर्यंत पोकळी फारशी आकसत नाही. म्हणजे अँजिओग्राफीत ‘शून्य टक्के’ येतं तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असू शकतो. मामाचे ४० टक्के हे या सगळ्याच्या नंतरचे होते.

आणखी एक गंमत. हे टक्के मोजतात कशाच्या तुलनेत? शेजारच्या ‘निरोगी’ भागाच्या. पण हा आजार सहसा एका जागी नसतो. शेजारचा भागही आजारी असतो, फक्त थोडा कमी. सगळा वर्गच नापास असेल तर पहिल्या नंबरला किती अर्थ उरतो?

लापशी विसरलेला शब्द

या आजाराचं इंग्रजी नाव १९०४मध्ये फेलिक्स मार्शां या जर्मन पॅथॉलॉजिस्टनं रूढ केलं. त्यात दोन ग्रीक शब्द आहेत: एक लापशीचा, दुसरा कडकपणाचा. आपण मराठीत केलं ‘धमनीकाठिण्य’. कडकपणा ठेवला, लापशी सांडली. आणि मारते ती लापशी. मग बोलीभाषेत आला ‘ब्लॉकेज’, आणि सगळा आजार मोरी तुंबण्याच्या पातळीवर आला. मोरी तुंबते तेव्हा हळूहळू पाणी साठतं, वास येतो, आपण वेळेवर प्लंबर बोलावतो. हृदयाचा झटका बहुतेकदा असा येत नाही.

मी विद्यार्थ्यांना पुरणपोळी सांगते. आत मऊ सारण: चरबी, कोलेस्टेरॉलचे स्फटिक, मेलेल्या पेशी. वर तंतुमय पापुद्रा. पापुद्रा जाड आणि भक्कम असेल तर पोळी कितीही मोठी असली तरी वर्षानुवर्षं टिकते. पातळ झाला की एखाद्या ठिकाणी फुटतो, सारण रक्ताला लागतं, आणि रक्ताला वाटतं की जखम झाली. तिथे गुठळी होते. काही मिनिटांत चाळीसचे शंभर होतात.

१९८८मध्ये विल्यम लिटल आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या फायली काढल्या ज्यांची झटक्याच्या आधीही आणि नंतरही अँजिओग्राफी झाली होती. नव्यानं धमनी बंद झालेले २९ जण होते. त्यांतल्या १९ जणांच्या त्याच धमनीत आधीच्या फोटोत ५० टक्क्यांपेक्षा कमी अडथळा होता. ७० टक्क्यांच्या खाली तर २८ जण होते. एकोणतीसपैकी अठ्ठावीस! मामासारखे सगळे ‘काठावर पास’.

पापुद्रा किती पातळ झाला की धोका? पाठ्यपुस्तकात आकडा आहे ६५ मायक्रॉन, साधारण केसाच्या जाडीएवढा. तो आला १९९७च्या एका अमेरिकी अभ्यासातून. त्यात अचानक मेलेल्या ११३ जणांच्या धमन्या तपासल्या होत्या. फुटलेल्या पापुद्र्यांची सरासरी जाडी २३ मायक्रॉन भरली, आणि जवळपास सगळे ६५च्या आत होते. आता लक्ष द्या: ते ११३ जण सगळे पुरुष होते. तरुण बायकांमध्ये आणि सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये बऱ्याचदा पापुद्रा फुटतच नाही. त्याच्यावरचं अस्तर सोलवटतं आणि तिथेच गुठळी होते. तिथे ६५चा नियम लागूच पडत नाही. म्हणजे पॅथॉलॉजीनं दिलेला आकडासुद्धा डोळे मिटून वापरायचा नसतो. माझा धंदा म्हणून मी त्याला सूट देणार नाही.

सातशे पन्नासात एक

आता माझ्याच घरातली घाण काढते.

अचानक मृत्यू झालेल्या माणसाचं हृदय आमच्याकडे येतं तेव्हा आम्ही धमनी साधारण तीन-तीन मिलिमीटरवर कापतो. चुना साठून ती कडक झालेली असेल तर आधी आम्लात ठेवून मऊ करतो. मग प्रत्येक तुकडा मेणात बसवून त्याचा चार मायक्रॉन जाडीचा एक काप काचेवर घेतो. हिशेब करा. तीन मिलिमीटर म्हणजे ३००० मायक्रॉन, भागिले चार. सातशे पन्नास काप निघाले असते. आम्ही पाहतो एक. भेग मिलिमीटरभराची असेल तर ती त्या एका कापात सापडेलच असं नाही. आणि पापुद्रा सगळ्यात पातळ जिथे आहे नेमकी तीच जागा सापडणं म्हणजे लॉटरी.

आम्ल घातल्यानं चुनाही विरघळतो. इकडे न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधल्या अभियंत्यांनी २००६पासून मायक्रो-सीटीवर धमन्या न कापता त्रिमितीत पाहून दाखवलं की पापुद्र्यात काही मायक्रॉनचे चुन्याचे कण असतात, आणि अशा कणाभोवती ताण एकवटून पापुद्रा तिथे फाटू शकतो. चपातीच्या कणकेत खडा राहिला तर लाटताना ती तिथेच फाटते ना, तसं. नेहमीच्या पद्धतीत आम्ही तो खडा आधी विरघळवतो आणि मग चपाती का फाटली याचा शोध घेतो.

त्रिमितीत पाहण्याची कल्पना मात्र नवी नाही, आणि यंत्रांची मुळीच नाही. एकेकाळी अभ्यासकांमध्ये खरा वाद होता की गुठळीमुळे झटका येतो की झटक्यानंतर गुठळी होते. तो सुटला चिकाटीच्या कापकामानं. १९६६मध्ये पॅरिस कॉन्स्टंटिनिडीस यांनी गुठळी असलेल्या धमन्यांचे एकामागून एक सलग काप घेतले आणि गुठळीच्या खाली प्लाकला गेलेली भेग दाखवली. १९८३मध्ये डेन्मार्कच्या अर्लिंग फाल्क यांनीही तेच केलं. लंडनच्या मायकेल डेव्हिस यांनी १९८४मध्ये अचानक मेलेल्या १०० जणांच्या धमन्या तपासल्या, त्यांत ७४ जणांत गुठळी सापडली. एक सेंटिमीटर धमनी पाच-पाच मायक्रॉननं सलग कापायची म्हणजे दोन हजार काप. प्रत्येक काप पाण्यावर तरंगवायचा, काचेवर उचलायचा, रंगवायचा, बघायचा. आज झटका आल्यावर पहिल्या तासात गुठळी विरघळवण्याची किंवा फुगा घालून धमनी उघडण्याची जी धावपळ होते, तिच्यामागे ही माणसं आहेत. त्यांनी एका कापावर विश्वास ठेवला असता तर भेग कधी सापडलीच नसती.

सलग कापांनी दुसरीही एक गोष्ट दाखवली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. बऱ्याच प्लाकमध्ये जुन्या, भरून आलेल्या भेगा असतात, एकावर एक थर. म्हणजे पापुद्रा फुटला, छोटी गुठळी झाली, ती भरून आली, आणि माणसाला पत्ताही लागला नाही. तो त्या दिवशी लोकल पकडून कामावर गेला असेल. प्लाक हा बोळा नसून शरीरात लिहिली गेलेली वही आहे. आपण तिची पानं न उलटता वजन करतो.

रंगीत फोटोचा नवा बाजार

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, मग त्रिमितीत दाखवणारं स्कॅन करून घेऊ. मला भीती याचीच आहे. सीटी अँजिओग्राफी खरंच भिंत दाखवते, आणि ती योग्य माणसाला उपयोगी आहे. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४१४६ जणांवर झालेल्या चाचणीत, नेहमीच्या तपासणीबरोबर सीटी केलेल्यांमध्ये पाच वर्षांत हृदयविकारानं मृत्यू किंवा झटका २.३ टक्के जणांना आला, सीटी न केलेल्यांमध्ये ३.९ टक्के. सीटी गटातल्या जास्त लोकांना प्रतिबंधक औषधं सुरू झाली, हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं. स्कॅननं बरं केलं नाही, स्कॅन बघून दिलेल्या साध्या गोळीनं केलं.

पण सीटीला साधारण अर्ध्या मिलिमीटरखालचं दिसत नाही. म्हणजे ५०० मायक्रॉन. ६५चा पापुद्रा त्यात दिसणं अशक्य. धमनीत नळी घालून प्रकाशानं पाहणाऱ्या ओसीटीला तो दिसतो, पण ती काही हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये करायची तपासणी नव्हे. आणि दिसला तरी? २०११च्या ‘प्रॉस्पेक्ट’ अभ्यासात ६९७ रुग्णांच्या धमन्या आतून पाहिल्या. पातळ पापुद्रा, मोठा प्लाक आणि अरुंद पोकळी ही तिन्ही वाईट लक्षणं एकत्र असलेल्या जागांपैकीसुद्धा तीन वर्षांत १८ टक्क्यांच्या आसपास जागांनीच त्रास दिला. बाकीच्या ऐंशीहून जास्त टक्के गप्प राहिल्या. त्यामुळे उद्या कुणी लाल-पिवळा रंगवलेला धमनीचा फोटो दाखवून “हा फुटणार आहे, आजच स्टेंट टाकू” म्हणालं, तर तोही टक्क्यांचाच खेळ आहे. फक्त महाग आणि रंगीत.

दुसऱ्या बाजूचं बरोबर आहे ते

माझे हृदयरोगतज्ज्ञ मित्र हे वाचून चिडतील, आणि त्यांचं काही बाबतीत बरोबर आहे. अडथळा मोठा असेल तर चढ चढताना छाती भरून येते, आणि स्टेंटनं ती मोकळी होते. २०१७च्या ‘ऑर्बिटा’ चाचणीत खोटी अँजिओप्लास्टी आणि खरी यांत फारसा फरक दिसला नव्हता. पण २०२३च्या ‘ऑर्बिटा-२’मध्ये छातीत दुखण्याची औषधं थांबवून पाहिलं तेव्हा खऱ्या स्टेंटनं दुखणं कमी झालं. मुख्य डाव्या धमनीतला मोठा अडथळा ही वेगळीच गोष्ट. चालू झटक्यात तर स्टेंट जीव वाचवतो, मामाचाही त्यानंच वाचवला. आणि लिटल यांच्या आकड्यांवरही आक्षेप आहे: आधीची अँजिओग्राफी झटक्याच्या बरीच आधीची होती. अगदी जवळच्या काळातले फोटो पाहिले तर फुटणारी जागा बऱ्याचदा तोवर अरुंद झालेली दिसते. मान्य.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? टक्के वेगानं बदलतात, म्हणून एका दिवशीच्या टक्क्यांवर अकरा महिने निर्धास्त राहता येत नाही. आणि स्थिर आजारात अरुंद जागा उघडून आयुष्य वाढतं का, हे दोनदा मोठ्या प्रमाणावर तपासलंय. २००७च्या ‘करेज’मध्ये २२८७ रुग्ण होते, २०२०च्या ‘इस्केमिया’मध्ये ५१७९, त्यात भारतातलेही. नीट औषधोपचार चालू असताना वर सरसकट स्टेंट किंवा बायपास केल्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. कारण सरळ आहे. स्टेंट एका जागेला बसतो, आजार सगळ्या भिंतीत असतो.

याच्या उलट, कोलेस्टेरॉलच्या गोळीनं काय होतं ते बघा. टक्के जेमतेम एक-दोननं हलतात. चुना तर कधीकधी वाढलेला दिसतो. पण सारण घट्ट होतं, पापुद्रा जाड होतो, आणि झटके कमी होतात. आकड्यात ही सुधारणा दिसतच नाही. म्हणून लोक वर्षभरानं पुन्हा तपासतात, “तेवढंच आहे, गोळीचा काही उपयोग नाही” म्हणतात आणि बंद करतात. आकड्याची भाषा इथे माणसं मारते. हे मी रागानं बोलत नाही, अशी हृदयं मी हातात घेतली आहेत.

मागणी

२०१७च्या फेब्रुवारीत सरकारनं स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये, साध्याला ७,२६०. आवश्यक निर्णय होता, त्यावर देशभर चर्चा झाली. पण त्या स्टेंटखाली जी ऊती आहे तिच्याबद्दल कधी चर्चा ऐकलीत? दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा साधारण पाच वर्षं आधी येतो, हे अनेक देशांत झालेल्या अभ्यासात दिसलंय. का, याच्या उत्तराचा काही भाग भिंतीत असणार. आणि आपण दुसऱ्या देशातल्या ११३ पुरुषांच्या पापुद्र्यांवर आपल्या आईचं निदान करतो.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्तमध्ये २००२पासून मानेच्या धमनीतून शस्त्रक्रियेनं काढलेले प्लाक रुग्णाच्या संमतीनं जपून ठेवतात. त्यातून कळलं की एका प्लाकमधला रक्तस्राव आणि नव्या बारीक रक्तवाहिन्या पाहून त्या माणसाच्या इतर धमन्यांमधल्या धोक्याचाही अंदाज येतो. पुढच्या दहा वर्षांत प्लाक हळूहळू ‘शांत’ होत गेल्याचंही त्यांनाच दिसलं. आजार बदलतो, आणि तो बदललेला कळायला आधीचं जपून ठेवावं लागतं. आपल्याकडे मुंबईच्या केईएमसारख्या ठिकाणी हृदयाच्या पॅथॉलॉजीची जुनी परंपरा आहे. पण मी जिथे शिकले तिथे ठरावीक मुदत संपली की बरण्या रिकाम्या व्हायच्या, कारण कपाटात जागा नव्हती. सलग काप घ्यायला तंत्रज्ञ नव्हता. आठवड्याला एखादं तरी तिशी-पस्तिशीतल्या पुरुषाचं हृदय यायचं. त्यातली वही कुणी वाचली नाही.

मला हवंय ते फार नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत संमतीनं हृदयं आणि प्लाक जपायची सोय. निदान काही हृदयं सलग कापून किंवा मायक्रो-सीटीवर त्रिमितीत पाहायला माणसं आणि पैसा. बायकांची हृदयं त्यात बरोबरीनं. आणि रिपोर्टवर टक्क्यांच्या खाली एक ओळ मराठीत: ‘हा आकडा पोकळीचा आहे, भिंतीचा नाही. गोळी बंद करू नका.’ या ओळीला तर पैसेही लागत नाहीत.

तोवर हे वाचणाऱ्या तुमच्याकडून एक. घरी कुणी फाईल घेऊन आलं की “किती टक्के?” विचारू नका. विचारा: बीपी किती? एलडीएल किती, आणि किती हवं? तंबाखू सुटली का? गोळी किती वर्षं? या प्रश्नांची उत्तरं कंटाळवाणी असतात. पण ती सगळ्या भिंतीला लागू पडतात.

मामा परवा तपासणीला जाऊन आला. फोन लागल्या लागल्या म्हणाला, “अगं, बाकीच्या दोन धमन्यांत तीस-तीस टक्केच आहेत.” मी म्हटलं, “मामा, गोळी घेतलीस का?” तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, “जेवल्यावर घेतो.” मी फोन चालूच ठेवला.